साडेचार

सूर गावात मी पाणी गोड करते.
म्हणजे समुद्राचं मीठ यंत्र काढतं,
मी मागून त्यात चुना सोडते, मोजून,
कारण नुसतं गोड पाणी भुकेलं असतं,
नळांचं लोखंड खातं.
आठ पूर्णांक दोनवर काटा थांबला की सही: सुनेत्रा खोत.
आणि संध्याकाळी घरी येऊन
तोच चुना
एका कुंडीपासून लांब ठेवायला धडपडते.

कुंडी मारिव्हिकची. वरच्या मजल्यावरची नर्स.
करार संपला, तेवीस किलोंची बॅग भरली,
नवं नवं आणलेलं ब्लूबेरीचं रोप त्यात बसेना.
कागदावर लिहून गेली:
हिला आंबट लागतं. साडेचार. पाचाच्या वर जाऊ देऊ नकोस.
इथल्या जमिनीत लावू नकोस.

इथली जमीन म्हणजे शिंपल्यांचा चुरा.
खजूर तिच्यावर उभा राहतो, त्याचं त्याला ठाऊक.

ऑगस्टात पानं पिवळी पडली,
शिरा तेवढ्या हिरव्या,
फक्त नद्या दाखवणारा नकाशा असतो तशा.
लोह होतं मुळाशी. घेता येत नव्हतं तिला.
वाळव्याला काकांचं चोपण रान असंच होतं,
सगळं असून ऊस वीतभर.
काका मातीचा खडा जिभेवर ठेवून सांगायचे किती बिघडलंय.
मीही ठेवला.
प्रयोगशाळेत माझ्याकडे महागाचं मीटर आहे,
तरी ठेवला.

मग एसीच्या नळीखाली बादली आली.
दिवसाला अकरा लिटर,
हवेतून पिळलेलं, अजून कुठल्याच दगडाला न भेटलेलं पाणी.
त्यात लिंबूफुलाची चिमूट.
पंधरा दिवसांनी अमोनियम सल्फेट, चमच्याच्या टोकावर,
तेही कुंडी भिजवल्यावर.
केसासारखी मुळं तिची, घास मोठा झाला की जळतात.
माती लाटव्हियाच्या दलदलीतली, गोणीवर तसं छापलंय.
दुपारी बाराला हिरवी जाळी, पाचला काढायची.
चाळीस रियाल झाले तेव्हा मी हिशेब लिहिणं थांबवलं.

आई फोनवर बघते. करवंदासारखी दिसत्येय गं.
काटे कुठंयत?
काटे नसतात हिला.
मग राखण कोण करणार?
मी.
करवंदाला कुणी चमच्यानं भरवलं नाही कधी, आई म्हणते,
आणि वीज गेल्यासारखी गप्प होते.

थंडीचे तास द्यायचे, असंही कागदात होतं.
सूरची थंडी म्हणजे पायावर एक चादर.
डिसेंबरभर कुंडी रात्री गच्चीवर नेली,
सकाळी कामावर जाण्याआधी खाली आणली.
पाठ धरली. पानं थोडी तांबूस झाली.
एवढ्यावर दोघींनी भागवलं.

फेब्रुवारीत फुलं.
पांढरी, तोंड खाली घातलेली,
आतून काहीतरी सांडू नये अशी.
तेव्हा मी कागद उलटा केला. मागे लिहिलेलं:
पहिल्या वर्षीची फुलं खुडून टाक. मुळं आधी.
मोजली. एकोणीस.
अंगठा आणि बोट, अंगठा आणि बोट.
टिचक् असा बारीक आवाज येतो, तो कागदात नव्हता.
अठरा खुडली.
एकोणिसावं पानाआड होतं, मला दिसलं नाही,
असं मीच मला सांगितलं
आणि आत जाऊन डोळ्यांच्या काजळाचा ब्रश आणला,
कारण इतक्या वर मधमाशी येत नाही.

एप्रिल संपताना एक बेरी.
हिरवी, मग हिरमुसल्यासारखी गुलाबी,
मग एका रात्रीत निळी,
वर राखेचा हात फिरवल्यासारखी.
फोटो पाठवला. मारिव्हिक आता डब्लिनला, तिथं पाऊस.
एक? तिनं विचारलं.
एक.
पहिल्या वर्षी ना? खुडली नाहीस.
मी काही लिहिलं नाही.
बराच वेळ तीन ठिपके हलत राहिले, मग:
आंबट आहे?

अजून खाल्लेली नाही. जाळी बांधतेय.
कठड्यावर बुलबुल येऊन बसलाय, मान वाकडी करून बघतोय.
त्याला कुणी कागद लिहून दिलेला नाही.